साहेबांचा बेल्ट आणि ड्रायव्हरची पाठ

दोस्तांनो, आधीच सांगून टाकतो. हा लेख मोटारीच्या सीट बेल्टवर आहे. हसू नका. लोकलच्या दाराला लोंबकळत कामावर जाणारी आपण पोरं, आपल्याला त्या बेल्टाचं काय घेणंदेणं, असं तुम्ही म्हणणार. मीही तेच म्हणत होतो. मग आमच्या वस्तीतला एक पोरगा खांद्याचं हाड आणि दोन बरगड्या मोडून तीन महिने घरात पडला. म्युनिसिपालिटीच्या शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. बारावीनंतर नोकरी मिळेना, तेव्हा लायसन काढलं आणि एका पुढाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर लागला. आई वस्तीभर सांगत फिरली, पोरगं साहेबांच्या गाडीवर आहे म्हणून.

पुढाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की सगळे त्या एकाच्या मागं लागतील आणि बाकीचे सुटतील. तुम्ही तुमच्या वॉर्डातलं नाव घाला, बसतंय का बघा.

गाडी नवी कोरी. १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांत पुढच्या दोन सीटांचा बेल्ट लावला नाही की टिंगटिंग वाजतं. साहेबांच्या डोक्याला कटकट. पहिल्याच दिवशी हुकूम सुटला, ‘अरे, ते टिंगटिंग बंद कर आधी.’ बाजारात त्याच्यासाठी एक क्लिप मिळायची. बेल्टाच्या खाचेत ती खोचली की गाडीला वाटतं माणूस बेल्ट लावून बसलाय. गाडी गप्प. बॉडीगार्डच्या सीटला ती क्लिप लागली. मागच्या सीटवर डावीकडं साहेब, उजवीकडं, म्हणजे बरोबर ड्रायव्हरच्या पाठीमागं, साहेबांचे पीए. आपला दोस्त तेवढा बेल्ट लावायचा, आईला शब्द दिला होता म्हणून.

त्यानं एकदा पीएला म्हटलंही होतं, ‘भाऊ, घाटात तरी तुम्ही मागं बेल्ट लावत जा.’ पीए काय म्हणाला ऐका. ‘साहेब लावत नाहीत आणि मी लावून बसू? बरं दिसतं का ते?’

बोरघाटात रात्री पुढच्या ट्रकनं ब्रेक मारला. यानंही मारला, तरी गाडी जाऊन आदळली. याला बेल्टानं धरलं. पण मागचे पीए उडाले ते थेट याच्या सीटच्या पाठीवर. सीट वाकली, त्याखाली हा चेपला. ट्रकनं याचं हाड मोडलं नाही, मागच्या माणसानं मोडलं. साहेबांच्या कपाळाला चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी हार, बुके, फळांच्या करंड्या आणि पेपरात फोटो. आपला दोस्त सरकारी दवाखान्यात. पगार बंद. ‘बरा झालास की ये’ असा निरोप आला. बरा होऊन गेला तेव्हा स्टिअरिंगवर दुसरा पोरगा बसलेला होता. तोही आपल्यातलाच.

या घटनेनं मला कायद्याचं पुस्तक उघडायला लावलं. म्हटलं बघू तरी, बेल्टाचा कायदा आहे कुणासाठी?

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १३८ नंबरचा नियम आहे. गाडीला बेल्ट असतील तर ते चालवणाऱ्यानं लावायचे, त्याच्या शेजारी बसणाऱ्यानं लावायचे आणि पुढं तोंड असलेल्या मागच्या सीटवर बसणाऱ्यानंही लावायचे. ‘मंत्री, आमदार, शेठ आणि त्यांची पोरंबाळं सोडून’ असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा. संविधानाचं कलम १४ तेच सांगतं, कायद्यापुढं सगळे समान. आपल्याला ते पाठ आहे.

आता दंडाचं कलम बघा. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १९४-ब हे कलम घातलं. त्याचा अर्थ असा, की जो बेल्ट न लावता गाडी चालवील किंवा बेल्ट न लावलेल्या प्रवाशांना घेऊन जाईल, त्याला एक हजार रुपये दंड. पुन्हा वाचा. ‘घेऊन जाईल’ त्याला. बसलेल्याला नाही, नेणाऱ्याला. मागं साहेब मोकळे बसले तर या कलमाचं बोट स्टिअरिंगवर बसलेल्या पोराकडं जातं. कलम लिहिणाऱ्याच्या मनात बाप आणि त्याची पोरं असतील, टॅक्सीवाला आणि त्याचं गिऱ्हाईक असेल. पण मालक मागं आणि नोकर पुढं अशा लाखो गाड्या या देशात धावतात. तिथं नोकरानं मालकाला सांगायचं, ‘साहेब, बेल्ट लावा, नाहीतर गाडी हलणार नाही.’ सांगून बघा. गाडी हलंल, फक्त तुम्ही त्यात नसाल.

आमच्या दोस्ताचाच किस्सा. साहेब गाडीत असले की नाक्यावरचा हवालदार कडक सलाम ठोकायचा. आत कुणाच्या छातीवर बेल्ट आहे, कुणाच्या नाही, त्याची नजर खिडकीच्या आत जातच नसे. एकदा साहेबांना सोडून हा एकटाच गाडी परत आणत होता. दिवसभराचा थकलेला, घाईत बेल्ट राहिला. त्याच नाक्यावर शिट्टी वाजली. हजाराची पावती. ती पगारातून कापली. नाका तोच, गाडी तीच, गुन्हा तोच. फक्त मागची सीट रिकामी होती.

आपल्याला हे नवं आहे का? मनूच्या पुस्तकात ब्राह्मणाला शिवी दिली तर क्षत्रियाला शंभराचा दंड, वैश्याला त्याहून जास्त आणि शूद्राच्या थेट अंगावर शिक्षा. तोंडातून निघालेली शिवी एकच, दंड मात्र जात बघून. ते पुस्तक बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं. नव्या पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही, हे मी मान्य करतो. पण नाक्यावर जे चालतं ते पुस्तकातून चालत नाही, सवयीनं चालतं. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवा काढला. दिवा गाडीवरून उतरला, डोक्यातून उतरला का?

काही शहाणे म्हणतात, ‘बेल्ट न लावून पुढारी स्वतःच मरेल. त्याचा जीव, त्याची मर्जी.’ हे खोटं आहे. साधा हिशेब सांगतो, शाळेतल्या फिजिक्सचा. गाडी ताशी ५० किलोमीटरनं जाते तेव्हा आत बसलेला माणूसही त्याच वेगानं जात असतो. गाडी आदळून थांबते, माणूस थांबत नाही. त्या वेगानं समोरच्या वस्तूवर आपटणं म्हणजे जवळपास दहा मीटरवरून, तीन माळ्यांवरून खाली पडणं. एक्सप्रेसवेवर ताशी १०० असेल तर दुप्पट नाही, चौपट उंची धरा. आता सांगा, तीन माळ्यांवरून सत्तर-ऐंशी किलोचा माणूस तुमच्या पाठीत पडला तर ती त्याची खाजगी मर्जी का? मागच्या माणसाचा बेल्ट हा पुढच्या माणसाचाही बेल्ट असतो. साहेबांच्या मर्जीचं बिल ड्रायव्हरच्या बरगड्यांनी भरायचं, याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत.

आणि साहेबलोकही मरतातच. ३ जून २०१४. गोपीनाथ मुंडे. केंद्रात मंत्रीपदाची शपथ घेऊन जेमतेम आठवडा झालेला. दिल्लीत सकाळी विमानतळाकडं निघाले होते, मागच्या सीटवर, बेल्टाशिवाय. दुसऱ्या गाडीची धडक बसली. ड्रायव्हर आणि सहायक वाचले, मुंडे गेले. त्यावेळचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन, स्वतः डॉक्टर. ते म्हणाले, मागचा बेल्ट शोभेचा असतो या गैरसमजापायी मी मित्र गमावला. बीड जिल्ह्यातून आलेला, मोठ्या कष्टानं वर चढलेला माणूस. राजकारण पटो न पटो, त्या दिवशी ऊसतोड्यांच्या घरांत चुली पेटल्या नसतील. एका बेल्टाची किंमत केवढी?

आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२. उद्योगपती सायरस मिस्त्री. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर. चांगली, महागडी, मजबूत गाडी. पुढचे दोघे जबर जखमी झाले पण जगले. मागच्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, दोघेही गेले. मग देशाला जाग आली. मुंबई पोलिसांनी फर्मान काढलं, १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा. टॅक्सीवाले ओरडले, धरपकडीचा पहिला दणका आम्हालाच बसणार म्हणून. ओरडणारच. नियम आधीपासूनचा, जाग आली ती श्रीमंत माणूस मेल्यावर, आणि पावती फाडायला सापडला काळी-पिवळीवाला.

त्याच सप्टेंबरात केंद्रीय वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर सांगितलं, की आपण चार मुख्यमंत्र्यांच्या गाडीत बसलो आणि पुढच्या सीटला ती आवाज बंद करणारी क्लिप लावलेली होती. नावं विचारू नका, असंही म्हणाले. का विचारू नको? आमच्या दोस्ताची पावती फाडताना हवालदारानं नाव विचारलं होतं. गाव विचारलं, लायसन बघितलं. मुख्यमंत्र्यांचं नाव मात्र विचारायचं नाही. वाहतुकीचा कायदा ज्यांच्या हाताखालचे पोलीस राबवतात ते मुख्यमंत्री, तो कायदा ज्यांच्या खात्याचा ते मंत्री, दोघेही एकाच गाडीत, आणि मधे क्लिप. पुढं २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा विकणं बंद करायला लावलं. १३ हजारांवर जाहिराती उतरवाव्या लागल्या. विकणाऱ्याला धरलं, ठीक केलं. लावून बसणाऱ्यांचं काय?

आता पलीकडचं एक उदाहरण. जानेवारी २०२३, इंग्लंड. पंतप्रधान ऋषी सुनक चालत्या गाडीत मागं बसून लोकांसाठी व्हिडिओ बनवत होते, त्यासाठी बेल्ट काढला. व्हिडिओ लोकांनी बघितला, बोंब झाली. दुसऱ्याच दिवशी लँकेशायरच्या पोलिसांनी शंभर पौंडाचा दंड लावला. पंतप्रधानाला! माफी मागून दंड भरतो म्हणाले. मी गोऱ्यांच्या आरत्या ओवाळायला हे सांगत नाही. त्यांनी आपल्यावर काय राज्य केलं ते ठाऊक आहे, आजही तिथं काळ्या माणसाकडं पोलीस कसा बघतो तेही ठाऊक आहे. पण एवढं खरं, की एका जिल्ह्याच्या पोलिसानं देशाच्या पंतप्रधानाला पावती दिली आणि त्याची बदली गडचिरोलीला झाली नाही. आणि दंड ड्रायव्हरला नाही लावला, बेल्ट काढणाऱ्याला लावला. हा मुद्दा नीट धरून ठेवा.

साहेबलोकांच्या सबबी आपण ऐकलेल्याच आहेत. पहिली, सुरक्षा. हल्ला झाला तर पटकन उतरता आलं पाहिजे. बेल्टाचं बटण दाबायला एक सेकंद लागतो, साहेब. तुम्हाला गाडीतून उतरायला कार्यकर्त्यानं दार उघडेपर्यंत वाट बघावी लागते, ती किती सेकंद? दुसरी सबब ते बोलत नाहीत पण खरी तीच आहे. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्याला बेल्टाची चुणी पडते. तिसरी त्याहून खरी. बेल्ट म्हणजे बांधून घेणं. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना बांधलं त्याला स्वतःला बांधून घ्यायचं म्हटलं की कमीपणा वाटतो. बेल्ट ड्रायव्हरनं लावायचा, आपण नाही, ही ती भावना. पीएच्या ‘बरं दिसतं का ते?’ या प्रश्नात ती सगळी आली. मोठा माणूस नियम मोडतो तेव्हा तो एकटा मोडत नाही. त्याच्या भोवतीच्या दहा लहान माणसांना नियम पाळायची लाज वाटायला लागते.

म्हणूनच पुढाऱ्यानं बेल्ट लावायचा की नाही हा प्रश्न फालतू नाही. केंद्र सरकारचे २०२२ चे आकडे सांगतात, त्या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली १६,७१५ बेल्ट न लावलेली. ८,३८४ चालवणारे आणि ८,३३१ प्रवासी, म्हणजे निम्मे बसलेले. हेल्मेट नसलेले तर ५०,०२९. यात पुढारी किती असतील? हाताच्या बोटांवर. बाकी सगळे तुमचे-माझे. आणि या पोरांनी बेल्ट-हेल्मेट न घालायची ऐट शिकली कुणाकडून? बॅनरवर ज्याचा फोटो आहे त्याच्याकडून.

इथं आता घरातलं बोलतो. दुसऱ्यांच्या पुढाऱ्यांना शिव्या घालणं सोपं आहे, टाळ्या मिळतात. पण १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपल्या नेत्यांच्या गाड्या बघा. नेता गाडीच्या टपातून कमरेएवढा बाहेर, गळ्यात हार. दोन्ही दारांतून पोरं बाहेर लटकलेली, मागं मोटरसायकलींवर तिघं-तिघं, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही, डोक्याला निळा रुमाल. मिरवणुकीत गाडी पायी चालल्यासारखी चालते, ठीक. पण सभा संपल्यावर हीच वरात हायवेला लागते तेव्हा? ज्या माणसानं देशाला कायदा लिहून दिला त्याच्या जयंतीला आपण कायदा मोडून घरी जातो. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं, धर्मात भक्ती चालेल, राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीचा आणि हुकूमशाहीचा रस्ता. आपण हे वाक्य भिंतीवर लिहितो आणि नेत्याला ‘दादा, बेल्ट लावा’ एवढं म्हणायला जीभ रेटत नाही. ही भक्तीच झाली की.

आणि ज्यांच्या गाडीला बेल्टच नाही त्यांचं काय, हा तुमचा प्रश्न मला ऐकू येतोय. बरोबर आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला टेम्पोत उभं राहून येणारी आपली बाया-माणसं, कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या पायरीवर एका हातानं लटकलेला सफाई कामगार, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर पोरांसकट झोपलेलं बिऱ्हाड. यांना बेल्ट कुठला? सीटच नाही तर बेल्ट कशाला बांधणार? त्यांच्यासाठी धड गाड्या मागितल्याच पाहिजेत आणि ते भांडण बेल्टापेक्षा मोठं आहे. पण एक लक्षात घ्या. ज्याला बसायला सीट, लावायला बेल्ट आणि चालवायला माणूस फुकट मिळालाय, त्यालाही स्वतःचा हात छातीवरून फिरवून ती क्लिप लावायचा कंटाळा येत असेल, तर तो तुमच्या टेम्पोला सीट देईल? ज्याला आपल्या ड्रायव्हरची पाठ दिसत नाही त्याला कचऱ्याच्या गाडीमागचा माणूस दिसणार?

तेव्हा नुसती बोंब मारून थांबायचं नाही. मागायचं काय ते सांगतो.

एक. १९४-ब कलम बदला. शहाण्या-सवरत्या माणसानं बेल्ट लावला नाही तर दंड त्याच्या नावानं, ड्रायव्हरच्या नाही. ज्याची छाती मोकळी, पावती त्याची.

दोन. याच कायद्यात २१०-ब कलम आहे. कायदा राबवायचा अधिकार ज्यांच्याकडं आहे त्यांनीच तो मोडला तर दंड दुप्पट. म्हणजे नियम मोडणाऱ्या पोलिसाला दोन हजार. हे कलम मंत्री, खासदार, आमदार, नगरसेवक सगळ्यांना लावा. कायदे करणाऱ्यानं मोडला तर दुप्पट, यात वावगं काय?

तीन. सरकारी पैशातल्या प्रत्येक गाडीची तपासणी करा. क्लिप सापडली तर गाडी ज्याच्यासाठी दिली त्याचं नाव जाहीर करा. नावं विचारू नका, हे चालणार नाही.

चार. साहेबानं बेल्ट लावला नाही म्हणून गाडी न हलवणाऱ्या ड्रायव्हरची नोकरी जाता कामा नये. पण तोवर त्या पोरावर हे ओझं टाकू नका. त्याचं पोट त्या स्टिअरिंगवर आहे. तो बोलू शकत नाही म्हणून आपण बोलायचं.

आणि पाचवं सरकारकडं मागायचं नाही, आपणच करायचं. पुढच्या सभेला नेत्याची गाडी आली की हार घेऊन धावू नका. आधी काचेतून आत बघा. साहेबांच्या छातीवर बेल्ट आहे का? पीएच्या? पुढच्या सीटच्या खाचेत काय खोचलंय? बेल्ट नसेल तर हार नाही, घोषणा नाही. तोंडावर विचारायचं, ‘साहेब, बेल्ट कुठाय?’ मग तो साहेब त्यांचा असो का आपला.

माझा दोस्त आता दुसरीकडं टेम्पो चालवतो. थंडीत खांदा दुखतो म्हणतो. त्या साहेबांची गाडी अजून वस्तीत येते. परवा मी काचेतून वाकून बघितलं. क्लिप तशीच आहे.